मूळ इकडं, स्टेट तिकडं

शाळेतल्या दहा संगणकांपैकी नऊ मी माझ्या हातानं बिघडवले होते. दहावा वाचला तो सरांच्या हट्टामुळं.

गोष्ट सप्टेंबर २०१४ची. पितृपक्ष चालू होता. पितृपक्षात आमच्या शहापुरातल्या दुकानाकडं नवा संगणक घ्यायला कोणी फिरकत नाही, आणि जुना दुरुस्तीला आणणाराही "घट बसू देत, मग बघू" म्हणून परत जातो. म्हणजे हाताला काम नव्हतं, अंगात उत्साह होता आणि पिशवीत पाचशे जीबीची हार्डडिस्क होती. नुकसान करायला एवढं साहित्य पुरतं.

शाळा माझीच. खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अंगाला, मराठी माध्यमाची. पिरनवाडी, किणये मागं टाकत मोटारसायकल त्या रस्त्याला लागली की पाऊस कुठल्या तरी वळणावर भेटतोच. गणपती गेले म्हणून तो जात नाही. शाळेच्या भिंती त्या दिवसांत इतक्या ओल्या असायच्या की खडूनं फळ्यावर ओढलेली रेघ निम्मी उठायची. मोबाइलला रेंज हवी असेल तर शाळेमागच्या टेकाडावर चढायचं. इंटरनेट वगैरे शब्द तिथं काढायचाच नाही.

संगणक बेळगावातल्या एका कचेरीतून बाद झालेले. विंडोजखाली ते दम टाकायचे, म्हणून मी त्यांच्यावर डेबियन ७ चढवलं होतं. त्या आवृत्तीचं टोपणनाव व्हीझी, म्हणजे धाप लागलेला. मशीन आणि नाव यांची इतकी जुळलेली पत्रिका मी पुन्हा पाहिलेली नाही.

लिनक्सशी ओळख नसणाऱ्यांसाठी थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं यावर आहे. डेबियनमध्ये सॉफ्टवेअर येतं ते बांधलेल्या पोत्यांतून, म्हणजे पॅकेजमधून. ही पोती उघडून आतला माल ज्या त्या डब्यात भरणारा घरगडी म्हणजे डीपीकेजी. इयन मर्डॉकनं १९९३त डेबियन सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी हा गडी कामाला लागला. राबायला वाघ, पण हुशारी बेताची. हातात दिलेलं पोतं तो उघडेल. पोत्यात पुरणाची डाळ आहे आणि घरात गूळ नाही, एवढं ओरडून सांगेल. गूळ आणायला मात्र जाणार नाही. बाजाराला जाणारा वेगळा, त्याचं नाव एप्ट. पुरणपोळी म्हटली की डाळ, गूळ, वेलदोडे, जायफळ अशी यादी तो स्वतः करतो, कुठल्या दुकानात काय आहे ते बघतो, सगळं आणून गड्यापुढं ठेवतो. दुकानांचे पत्ते एका फाइलीत लिहिलेले असतात. बहुतेकांच्या फाइलीत तो पत्ता इंटरनेटवरचा असतो. आमच्या शाळेत दुकान माझ्या पिशवीत होतं.

दर दीड-दोन महिन्यांनी मी बेळगावात रात्रभर जोडणी चालू ठेवून डेबियनच्या भांडाराचा आम्हाला लागणारा भाग त्या डिस्कवर उतरवून घ्यायचो, सुरक्षेच्या दुरुस्त्यांसकट. मग शाळेत जाऊन एकेका मशीनला डिस्क जोडायची. पत्त्याच्या फाइलीत 'फाइल', कोलन, तीन तिरप्या रेघा आणि डिस्कवरची जागा, एवढंच लिहिलेलं. एप्टला ते चालतं. बाजार शेजारच्याच खोलीत भरलाय अशी त्याची समजूत होते आणि तो निमूट तिथून माल उचलतो.

त्या दिवशी डिस्कवर खुद्द एप्टचीच दुरुस्ती आली होती. बाजार करणाराच बदलायचा होता. एक-एक करत नऊ मशीनांवर नवा एप्ट बसवला. दहाव्यावर सर बसले होते.

"ह्याला हात लावायचा नाहीस," सर म्हणाले. "अक्षर दासोहाचा तक्ता आज गेला पाहिजे."

अक्षर दासोह म्हणजे आमच्या राज्यातली दुपारच्या जेवणाची योजना. किती पोरं जेवली, किती तांदूळ लागला, याचा हिशेब वर पाठवायचा, तो कन्नडमध्ये. सरांची मराठी अशी की 'की' ऱ्हस्व लिहिणाऱ्याला आजही उभं करतील, आणि तक्ता भरताना मात्र एकेक कन्नड अक्षर कळफलकावर शोधत, वाकून, ओठ हलवत बसायचे. मी म्हटलं, सर, दहा मिनिटांचं काम आहे. सरांनी चष्म्यावरून बघितलं. मी चहा प्यायला गेलो.

परत आलो तर कन्नडच्या बाई पहिल्या मशीनपाशी उभ्या. आमच्याकडं मराठी शाळेतही कन्नड शिकायचं असतंच. बाई धारवाडकडच्या, मराठी बोलताना प्रत्येक वाक्य थोडं वरच्या सुरात संपवायच्या. "सरांच्या मशीनला कन्नड येतंय. माझ्या पोरांच्या मशीनला येत नाही काय?"

येतंय की, म्हटलं. आत्ता करतो. डिस्क जोडली, एप्टला म्हटलं आधी याद्या ताज्या कर. त्यानं नकार दिला. पुन्हा सांगितलं, पुन्हा नकार. तासाभरापूर्वी याच डिस्कवरून, याच केबलनं, याच मशीनवर त्यानं बिनबोभाट काम केलं होतं.

अशा वेळी माणूस आधी हाताला लागेल त्या वस्तूवर संशय घेतो. मी केबल बदलली. यूएसबीचं तोंड बदललं. डिस्क ओलीनं बिघडली असेल म्हणून शर्टानं पुसली, जसं काही त्यानं आतली तबकडी कोरडी होणार होती. दुसऱ्या मशीनला लावली, तिथं नकार. तिसऱ्याला नकार. शिपाईमामा दारात उभे राहून सगळा खेळ बघत होते. "काय करालास रे मघापासून?" त्यांनी विचारलं. "चांगलं चाललंत खरं."

हा 'खरं' बेळगावबाहेरच्या वाचकांनी जपून वाचावा. आमच्यात त्याचा अर्थ 'पण'. 'येतो खरं उशीर होईल' म्हणजे येईन, पण उशिरा. पुण्यात पहिल्या नोकरीत मी असं बोललो की समोरचा पुढच्या वाक्याची वाट बघत बसायचा. असो. मामांच्या त्या वाक्यात अख्खं निदान होतं. चांगलं चाललं होतं, पण.

सर तक्ता पाठवून उठले तेव्हा शेवटचा उपाय म्हणून डिस्क दहाव्या मशीनला लावली. याद्या सरसर ताज्या झाल्या. तीच डिस्क, तीच केबल, तीच ओली हवा. दोन मशीनांत फरक एकच, इथं एप्ट जुना होता. डीपीकेजीला दोन्हीकडच्या आवृत्त्या विचारल्या. ०.९.७.९ दोन्हीकडं सारखंच, वेगळं होतं ते मागचं शेपूट.

दुरुस्ती हीच बिघाड होती. 'एक सांधता तेरा तुटती' असं आज्जी गोधडी शिवताना म्हणायची. संगणकवाले याला रिग्रेशन म्हणतात. नुसत्या चुकीपेक्षा ही जात वेगळी. साधी चूक पहिल्या दिवसापासून असते, आपण तिच्या भोवतीनं वाट काढतो आणि तिला स्वभाव समजू लागतो. रिग्रेशनमध्ये काल चालणारी वस्तू आज चालत नाही, आणि मधे कोणीतरी ती सुधारलेली असते. म्हणून ती जास्त लागते. तक्रार तरी कोणाकडं करणार? सुधारणाऱ्याचा हेतू चांगला असतो.

नशिबानं एप्ट आडवा झाला तरी घरगडी डीपीकेजी उभा होता. मुख्य भांडारातली एप्टची आधीची आवृत्ती डिस्कवर होती. ते पोतं आणि त्याच्या लायब्ररीचं पोतं एकदम डीपीकेजीच्या हातात दिलं. त्यानं कुरकुर केली, आवृत्ती खाली नेतोयस अशी ताकीद दिली, आणि काम केलं. ही त्याची कुरकुर मला आवडते. चुकतंय असं वाटलं तर सांगतो, पण मालक तू आहेस हे विसरत नाही. अलीकडची सगळी यंत्रं मालक कोण यावरच वाद घालतात. चार मशीनं अशी जुन्यावर आणली आणि वीज गेली. जांबोटीकडची पावसातली वीज एकदा गेली की परत यायला तिला मुहूर्त लागतो. पाच मशीनं तशीच टाकून, रेनकोट चढवून मी निघालो. निघताना कन्नडच्या बाईंच्या नजरेला नजर दिली नाही.

रात्री बेळगावात नेट उघडून डेबियनच्या सुरक्षा सूचना वाचल्या. मूळ दुरुस्ती कशाची, तर नेटवरून आणलेला माल खरा की खोटा याची तपासणी एप्ट काही ठिकाणी नीट करत नव्हता. सर्व्हरनं '३०४, बदल नाही' असं उत्तर दिलं तर त्याची पडताळणी चुकायची. याद्या आवळलेल्याच ठेवायचा पर्याय लावला असेल तर चेकसम, म्हणजे माल बदललेला नाही हे ताडून बघायचा आकडा, जुळवायचा राहून जायचा. वाटेत कोणी लबाडानं यादी बदलली तर फसगत होईल, अशी ही भोकं. बुजवायलाच हवी होती. ती बुजवताना दुसरं काही मोडलं आणि काही दिवसांतच दुसरी सूचना आली. मी डिस्क भरली ती नेमकी या दोन सूचनांमधल्या फटीत. मी त्या दुसऱ्या सूचनेतलं वाक्य वाचलं, परत वाचलं, आणि एकटाच दुकानात मोठ्यानं हसलो. त्याचा अर्थ असा: आधीच्या दुरुस्तीमुळं रिग्रेशन शिरलं आहे; ज्यांचे फाइलवाले सोर्स एप्टच्या स्टेट डिरेक्टरीपेक्षा वेगळ्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या कप्प्यावर आहेत, त्यांना त्याचा फटका बसतो.

मूळ एका पार्टिशनवर. स्टेट दुसऱ्या पार्टिशनवर. बेळगावच्या माणसाला हे इंग्रजीतून वाचायला लावायची गरज नव्हती.

तांत्रिक अर्थ सरळ आहे. सोर्स म्हणजे माल जिथून येतो ती जागा, आमची डिस्क. स्टेट डिरेक्टरी म्हणजे एप्टची वही, काय माहीत आहे आणि कुठवर आलो ते टिपून ठेवायची जागा, मशीनच्या पोटात. युनिक्सचा जुना नियम असा, की एका पार्टिशनच्या आत फाइल हलवायची तर ती जागची हलतच नाही, वहीतली नोंद तेवढी बदलते. डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. हद्द ओलांडायची असेल तर ही युक्ती चालत नाही. नाव बदलायचा हुकूम दिला तर कर्नेल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, साफ नाही म्हणतो: 'इनव्हॅलिड क्रॉस-डिव्हाइस लिंक'. तिथं अख्खी फाइल उतरवून न्यायची आणि मग मागची पुसायची. हद्द आहे हे लिहिणाऱ्याच्या लक्षात नसेल तर त्याचा प्रोग्राम त्याच्या टेबलावर सुरळीत चालतो आणि जांबोटीत अडतो. त्याच्या टेबलावर सगळं एकाच पार्टिशनवर असतं.

माझा आज्जा आयुष्यात कधी जागचा हलला नाही. ओढ्याकाठचं दोन एकर शेत आणि घर, बस्स. खरं त्याची नोंद हलली. १ नोव्हेंबर १९५६ला सकाळी उठला तेव्हा मुंबई राज्यातला माणूस म्हैसूर राज्यात होता. ट्रंकेत त्याच शेताचे कागद आहेत: सगळ्यात जुने मोडीत, मधले बाळबोधीत, अलीकडचे कन्नडमध्ये. बांध तोच, आंब्याचं झाड तेच. आज्जाला मोडी यायची. वडिलांना बाळबोध. कन्नड उतारा वाचायला मी भावाच्या बायकोला बोलावतो, ती गोकाककडची आहे.

भाषावार प्रांतरचना हीसुद्धा एक दुरुस्तीच होती, आणि गरजेची. कोट्यवधी लोकांचं सरकार त्यांच्या भाषेत आलं. पण रेघ कुठंतरी पडणार होती आणि ती जिथं पडली तिथं दोन्ही अंगाला माणसं राहत होती. आमच्या सभांतून एक गोष्ट सहसा सांगत नाहीत ती इथं सांगतो. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, जत इथले कन्नड बोलणारे लोक पलीकडून हेच म्हणत असतात. त्यांचं मूळ इकडं, स्टेट तिकडं. १९६६त या सीमाप्रश्नावर महाजन आयोग नेमला, पुढच्या वर्षी अहवाल आला, महाराष्ट्रानं तो मानला नाही. २००४त दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्टवाल्यांचं तक्रारीचं तिकीट काही दिवसांत बंद झालं, आमचं उघडं आहे. एका ओळीत सांगितलं, कारण याहून जास्त सांगायला गेलं की आमच्याकडं आवाज चढतो, आणि त्या वर्षी तो आधीच चढलेला होता. जुलैत येळ्ळूरचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक काढला, त्यावरून लाठ्या चालल्या. आणि १ नोव्हेंबरला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं.

नाव बदलणं सोपं, त्याचे जुने दुवे सांभाळणं अवघड. याचा धडा पुढं पुन्हा डेबियननंच दिला. ऑगस्ट २०२५त डेबियन १३ आलं. एका गिऱ्हाइकाचा सर्व्हर मी त्यावर नेला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा हिशेबाचा प्रोग्राम डेटाबेसला जोडला जाईना. प्रोग्राम चालायचा विंडोजवरच्या जावावर. तो आपला वेळ सांगताना अजून 'एशिया/कलकत्ता' म्हणतो. वेळेच्या तक्त्यात कोलकाता होऊन जमाना झाला, पण कलकत्ता हे नाव दुवा म्हणून ठेवलेलं असायचं. कोणी जुन्या नावानं हाक मारली तरी ओ मिळायची. नव्या डेबियनमध्ये असली जुनी नावं मुख्य पॅकेजमधून काढून 'लेगसी' नावाच्या वेगळ्या पॅकेजात ठेवली आहेत. हवी त्यानं मागून घ्यावीत. डेटाबेस म्हणाला, कलकत्ता नावाचं गाव मला ठाऊक नाही. मी ते लेगसी पॅकेज बसवलं आणि काम सुरू झालं. आमच्या रेल्वे स्टेशनचा फलक बदलला. तिकिटावर अजून स्टेशनचा जुना कोड बीजीएमच येतो. रेल्वेतल्या कोणीतरी शहाण्यानं ओळखलं असावं की पाटी रंगवता येते, आतला आयडी छेडायचा नसतो.

एप्ट लिहिणाऱ्यांचा मला राग आला नाही, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आला नव्हता असं नाही, पण पुढं गेला. त्यांनी सरळ लिहिलं होतं की आमच्या दुरुस्तीनं हे मोडलं. असं वाक्य सरकारी कागदात मला शोधून दाखवा, मी कॅम्पातला अर्धा किलो कुंदा चारतो. दुसरं म्हणजे त्यांची एक रीत. एप्टच्या सोर्समध्ये चाचण्यांची एक मोठी डिरेक्टरी आहे. तिथल्या पुष्कळ फाइलींच्या नावातच एखाद्या जुन्या बगचा क्रमांक असतो. एकदा कोणीतरी कुठंतरी अडला, त्याची ती खूण. नवा बदल करणाऱ्याला त्या सगळ्यांपुढून जावं लागतं. आमच्या भागात गावाबाहेर वीरगळ उभे असतात. कोण लढला, कोणाची गुरं सोडवताना पडला, अक्षरं झिजून गेलेली. तरी जाताना माणूस जरा हळू चालतो.

सूचनेच्या शेवटी होतं तेवढंच: नवी आवृत्ती घ्या. शेपटीतला आकडा बदललेला. डिस्क पुन्हा रात्रभर लावून ठेवली, आणि या खेपेला शहाणपण एवढं केलं, की आधी दुकानातल्याच एका मशीनवर, डिस्क वेगळी जोडून, दोनदा अपडेट चालवून बघितलं. दोनदा अशासाठी, की पहिली खेप जुना एप्ट करतो. नव्याची परीक्षा दुसऱ्या खेपेला होते. मागच्या वेळी नऊ मशीनांवर मी एकदाच चालवलं होतं.

सर्वपित्री अमावास्या झाल्यावर गेलो. पाऊस होताच. पाच मशीनं डीपीकेजीनं जुन्यावर नेली, मग दहाही नव्यावर आणली, सरांच्या मशीनसकट. सर त्या दिवशी वर्गावर होते. प्रत्येक ठिकाणी दोनदा अपडेट. मग बाईंच्या पोरांसाठी कन्नडचा कळफलक बसवला. पहिली आलेली मुलगी खुर्चीवर गुडघे टेकून बसली, 'ಅ'च्या जागी काय येतं ते बघितलं, मग बटण दाबून परत मराठीवर आली, आपलं नाव लिहिलं, पुन्हा कन्नडवर जाऊन त्याखाली तेच नाव लिहिलं, आणि दोन्हींतलं कुठलं बरं दिसतंय ते ठरवत मान तिरकी करून बसली.

मामा किल्ल्या घेऊन दारात आले. "झालं?"

"झालं, मामा."

"काय नवीन झालं मग आता?"

मी जरा विचार केला. "नवीन काही नाही. आधी चालत होतं तसं चालतंय."

मामांनी माझ्या चिखलानं भरलेल्या गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आणि एवढ्यासाठी दोनदा पेट्रोल जाळलास व्हय?"